लाकडावर प्लाझ्मा ट्रीटमेंट करून घेतली: थेंब घरंगळतात, पण सगळीकडे नाही

आधी निकाल सांगते, ज्यांना घाई आहे ते एवढं वाचून निघाले तरी चालेल. प्लाझ्माने, म्हणजे वीज देऊन चमकवलेल्या वायूने, लाकडाचा पृष्ठभाग पाणी न धरणारा करून मिळतो हे खरं आहे, त्यात हातचलाखी काही नाही. लाकडाचा रंग बदलत नाही, वास येत नाही, हाताला चिकट लागत नाही आणि थेंब अगदी अळवावरच्या पाण्यासारखा गोल होऊन बसतो. पण हे जे काही होतं ते लाकडाच्या अगदी वरच्या कातडीत होतं, त्यामुळे ज्या फळीला कोणी घासत नाही, उन्हात ठेवत नाही तिच्यासाठी झकास, आणि ज्या टेबलावर रोज कोपरं टेकणार, फडकं फिरणार त्याला ही ट्रीटमेंट एकटी पुरत नाही. पाचात साडेतीन. दीड मार्क कुठे कापले ते खाली येईलच.

मी छोटं फर्निचर, खोकी, फ्रेमा असलं काम करते आणि मला लाकडावर चकाकी आवडत नाही. वॉर्निश मारलं की लाकूड प्लॅस्टिकमध्ये गुंडाळल्यासारखं दिसायला लागतं, मेणाने ते छान दिसतं पण पुन्हा पुन्हा लावत बसावं लागतं, म्हणून "काही न लावता पाणी अडवणारी" ट्रीटमेंट असं ऐकल्यावर साहजिकच कान टवकारले. जिथे करून घेतली ती जागा म्हणजे अर्धी लॅब आणि अर्धं वर्कशॉप, नाव मुद्दाम लिहीत नाही कारण काही गोष्टींवर पुढे कुरकुर करणार आहे. पाईन, बीच, सागवान आणि एक प्लायचा तुकडा असं दिलं होतं, आणि प्रत्येक फळी मधोमध कापून अर्धी ट्रीटमेंटला आणि अर्धी कोरी घरी ठेवली. ही अर्धी कोरी फळी फार महत्त्वाची आहे, कारण नुसतं लाकूडसुद्धा जुनं झालं की थोडं पाणी झटकतं, त्यातले तेलकट-राळेसारखे पदार्थ हळूहळू वर येतात ना, आणि मग ट्रीटमेंटने झालंय की आपोआपच होतंय ते कळत नाही. तुलना करायची तर दोन्ही अर्ध्या फळ्यांवर एकाच दिवशी पॉलिश पेपर फिरलेला हवा.

लाकूड पाणी का पितं हे थोडं सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. लाकडात मुख्यतः सेल्युलोज, हेमिसेल्युलोज आणि लिग्निन असतं. त्यातल्या पहिल्या दोघांच्या साखळ्यांवर हायड्रॉक्सिल गट नुसते खच्चून भरलेले असतात, ते पाण्याचा रेणू दिसला की धरून ठेवतात, वर लाकूड आतून सगळं बारीक नळ्यांचंच, त्यामुळे ताज्या रंधा मारलेल्या फळीवर थेंब टाकला की तो पसरतो आणि बघता बघता गायब. ओलावा साधारण ३० टक्क्यांपर्यंत वाढेस्तोवर पाणी पेशींच्या भिंतीत शिरत राहतं आणि लाकूड फुगत राहतं, त्यापुढे नुसत्या पोकळ्या भरतात, फुगणं थांबतं. फुगणंही सरळ नाही, लांबीत जवळपास नाहीच आणि वर्षवलयांच्या कडेने जेवढं फुगतं ते वलयांना छेदणाऱ्या दिशेच्या साधारण दुप्पट. म्हणून तर फळीला बाक येतो आणि ड्रॉवर नेमका हवा तेव्हाच अडकतो. हे लक्षात ठेवा, पुढे वजनकाट्याच्या टेस्टमध्ये कामाला येईल.

आता प्लाझ्मा. वायूला इतकी वीज द्यायची की त्यातले इलेक्ट्रॉन सुटे होतात, एवढंच. प्लाझ्मा हे नाव आयर्विंग लँगम्युअर या शास्त्रज्ञाने १९२८ साली दिलं. माझा पहिला प्रश्न सगळ्यांना पडतो तोच होता, लाकूड जळणार नाही का? नाही जळत, कारण हा गार प्लाझ्मा. इलेक्ट्रॉनचं तापमान हिशोबात हजारो अंश असतं, पण ते इतके हलके की वायूच्या जड रेणूंना फारसे तापवू शकत नाहीत, म्हणून एकूण वायू खोलीच्या तापमानाच्या आसपासच राहतो. मशीनमधून निघालेली फळी मी लगेच हातात घेतली, कोमट होती बस्स. काळी पडणं, करपल्याचा वास, काही नाही. हाच गार प्लाझ्मा डॉक्टर लोक जखमांवरही वापरतात, मग फळीचं काय घेऊन बसलात.

माझ्या फळ्या ज्या मशीनवर झाल्या त्यात वर एक इलेक्ट्रोड, खाली एक इलेक्ट्रोड, मध्ये सिरॅमिकचा अडथळा, काही हजार व्होल्टचा उलटसुलट करंट आणि काही मिलिमीटरची फट, त्या फटीत जांभळट चमक दिसते आणि फळी तिच्याखालून सरकत जाते. पद्धत जुनी आहे, वेर्नर फॉन सीमेन्सने १८५७ मध्ये ओझोन तयार करायला ही रचना काढली होती, आणि ओझोन अजूनही तयार होतोच, मशीनजवळ तो झोंबणारा वास येतो. तिथे वर मोठा एक्झॉस्ट बसवलेला होता, नसता तर मी आत पाऊलच टाकलं नसतं. फायदा असा की हे साध्या हवेच्या दाबाला चालतं, व्हॅक्युम लागत नाही. तोटा असा की फट काही मिलिमीटरचीच असल्याने सपाट फळी चालते, कोरीवकाम, गोल पाय, खुर्चीची वळणदार पाठ असलं काही चालत नाही. त्यासाठी एकतर पेनासारखी प्लाझ्मा जेट घेऊन इंच इंच फिरवत बसायचं, नाहीतर व्हॅक्युम चेंबर. चेंबरमध्ये कसलाही आकार जातो पण लाकूड आतून ओलावा आणि राळेची वाफ सोडत राहतं, हवा लवकर ओढून होत नाही आणि वेळ जातो. म्हणून ते लोक लाकूड नीट सुकवलेलं हवं असं सांगतात, आणि मशीनवरच्या दादाने माझ्या फळ्या घेतल्या घेतल्या आधी मॉइश्चर मीटर टोचून बघितलं. मला ते आवडलं, काम कळणारा माणूस आहे असं वाटलं.

पण नुसता प्लाझ्मा फिरवून लाकूड पाणी झटकायला लागत नाही, आणि इथेच जाहिराती गोलमाल बोलतात. नुसत्या हवेचा किंवा ऑक्सिजनचा प्लाझ्मा दिला तर लाकूड उलट जास्त तहानलेलं होतं! पृष्ठभागावर ऑक्सिजनवाले नवे गट तयार होतात, वरची राळबिळ साफ होते आणि पाणी आधीपेक्षा पटकन पसरतं. पाणी झटकायला हवं असेल तर त्या चमकीत काहीतरी सोडावं लागतं. माझ्या फळ्यांना हेक्सामिथाइलडायसिलॉक्सेन सोडलं होतं, नाव उच्चारताना जीभ अडखळते म्हणून तिथे सगळे एचएमडीएसओच म्हणतात. हे सिलिकॉनच्या कुळातलं पटकन उडणारं द्रव. त्याची वाफ प्लाझ्मात गेली की रेणूचे तुकडे होतात आणि ते तुकडे लाकडावर बसून एकमेकांत गुंतलेली जाळी तयार करतात, जिचे मिथाइल गट बाहेरच्या बाजूला असतात आणि पाण्याला ते अजिबात आवडत नाहीत. ही आयडिया कालपरवाची नाही, अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या संशोधकांनी लाकडावर एचएमडीएसओचा प्लाझ्मा थर बसवून पाणी अडतं हे १९९९ सालीच छापलं होतं, आणि जर्मनीत ग्योटिंगेनला साध्या दाबाच्या प्लाझ्मावर आणि लाकडावर बरंच काम झालंय.

रेसिपी किती नाजूक आहे बघा. त्याच एचएमडीएसओबरोबर ऑक्सिजन जास्त सोडला की मिथाइल गट जळून जातात आणि काचेसारखा थर उरतो जो पाण्याला बोलावतो. म्हणजे मशीन तेच, द्रव तेच, नॉब थोडा इकडेतिकडे आणि निकाल बरोब्बर उलटा. त्यामुळे "आमच्याकडे प्लाझ्मा आहे" या वाक्याला माझ्या लेखी काही अर्थ नाही, त्यात काय सोडता आणि किती ते सांगा.

आणि हे सांगताना तिथल्या ऑफिसातल्या साहेबांनी जो चेहरा केला त्यासाठी अर्धा मार्क कापलाय. मशीनवरच्या दादाने सरळ सांगितलं, साहेब मात्र "ते आमचं सिक्रेट आहे मॅडम" वर अडून बसले. अहो, मला तुमचं प्रमाण नको, फ्लोरिनवाला वायू आहे की सिलिकॉनवाला एवढंच सांगा! कारण दुसरा रस्ता फ्लोरिनचा आहे, सीएफ४ किंवा एसएफ६ सारखे वायू. त्यांनी पाणी तर झटकतंच, काही फ्लोरिनवाले थर तेलसुद्धा झटकतात, पण एसएफ६ हा हरितगृह वायू म्हणून शंभर वर्षांच्या हिशोबात कार्बन डायऑक्साइडच्या २२ हजार पटींहून जास्त ताकदीचा आहे आणि सीएफ४ हवेत हजारो वर्षं टिकतो. शिवाय फ्लोरिनवाल्या टिकाऊ रसायनांबद्दल जग आता सावध झालंय, पीएफओए हे त्यातलंच एक रसायन २०१९ मध्ये स्टॉकहोम कराराच्या, म्हणजे अशा टिकून राहणाऱ्या प्रदूषकांवरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, यादीत गेलं. प्लाझ्माने बसवलेला थर म्हणजे पीएफओए असं मी म्हणत नाहीये, पण गिऱ्हाइकाने विचारलं तर कुटुंब कुठलं ते सांगायला काय जातं. मी स्वतः सिलिकॉनवालंच घेईन.

आता टेस्ट. सगळ्यात आधी थेंब. फोनचा कॅमेरा फळीच्या पातळीला धरायचा, मागे उजेड ठेवायचा आणि बाजूने फोटो काढायचा, थेंबाची कड फळीला जिथे टेकते तिथला पाण्याच्या आतल्या बाजूचा कोन बघायचा. नव्वद अंशाच्या वर गेला की पाणी झटकणारा पृष्ठभाग, दीडशेच्या वर गेला आणि थेंब सहज घरंगळला की सुपर वगैरे, कमळाच्या पानासारखा. माझ्या ट्रीटमेंटवाल्या पाईन आणि बीचवर कोन नव्वदच्या बराच पुढे होता, कोऱ्या अर्ध्या फळीवर थेंब सपाट होऊन आत गेला होता तोवर. सागवानावर फरक कमी दिसला कारण कोरं सागवानसुद्धा तेलकट असल्याने थेंब थोडा वेळ धरून ठेवतं. प्लायवर वरचा पापुद्रा मस्त झाला पण कडा विचारू नका.

पण कोन बघून खूश होऊ नका. लाकूड खडबडीत असतं, आणि खडबडीतपणा पाणी झटकणाऱ्या पृष्ठभागाचा कोन फुगवून दाखवतो, वेन्झेलने १९३६ मध्येच हे मांडलं होतं. नंतर १९४४ मध्ये कॅसी आणि बॅक्स्टरने सांगितलं की खाचांमध्ये हवा अडकली तर थेंब अर्धा हवेवरच बसतो. ऐकायला दोन्ही सारखं वाटतं पण वापरताना जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिल्या प्रकारात थेंब गोल दिसतो पण फळी उभी केली तरी चिकटून राहतो, दुसऱ्यात जरा तिरकं केलं की पळतो. माझ्या बारीक पॉलिश पेपर मारलेल्या बीचवर थेंब दिसायला सुंदर, पण फळी चांगलीच कलती केली तेव्हा कुठे हलला, आणि छोटे थेंब तर उलटं धरलं तरी लटकून! जाहिरातीत नेहमी कोन छापतात कारण तो आकडा मोठा दिसतो. विचारायचं असेल तर हे विचारा की किती तिरकं केल्यावर थेंब सुटतो. पावसात उभी असलेली फळी कोरडी राहणार की नाही ते त्यावर ठरतं, फोटोतल्या गोल थेंबावर नाही.

दुसरी टेस्ट साबणाच्या पाण्याची, आणि इथे माझा चेहरा पडला. साध्या पाण्याचा पृष्ठताण मीटरला ७२ मिलीन्यूटनच्या आसपास असतो, साबण टाकला की तो तिशीच्या घरात येतो, मग ते पाणी कुठेही घुसायला तयार. ट्रीटमेंटवाल्या फळीवर साबणाचं पाणी पसरलं, बऱ्यापैकी पटकन. मशीनच्या तेलाचा थेंब तर काय, कोऱ्या फळीवर जसा डाग पडला तसाच इथेही पडला. यात ट्रीटमेंटचा दोष नाही, सिलिकॉनच्या कुळातला थर तेल अडवत नाहीच, पण "डाग पडत नाहीत" असं कोणी सांगत असेल तर पाण्याचे डाग म्हणतोयस की सगळे, ते एकदा स्पष्ट करून घ्या. आणि रोज साबणाने पुसायची वस्तू असेल तर याचा उपयोग निम्म्यावर आला असं समजा.

तिसरी टेस्ट मला सगळ्यात जास्त शिकवून गेली. ट्रीटमेंटवाली आणि कोरी अशी जोडी घेतली, वजन केलं, मग दोघींना पाण्यात तरंगत सोडून अधूनमधून बाहेर काढून, टिपून वजन करत राहिले. सुरुवातीला फरक भारी, कोरी पटापट जड होत होती आणि दुसरी जेमतेम. पण जसजसा वेळ गेला तसतसा फरक कमी होत गेला, आणि शेवटी दोघी जवळपास सारख्याच. नीट बघितल्यावर कळलं पाणी कुठून जातंय, कापलेल्या टोकांतून. लाकडाच्या नळ्या लांबीच्या दिशेने असतात, टोक म्हणजे त्यांची उघडी तोंडं, आणि तिथे एवढासा थर काय पुरा पडणार. मग दुसऱ्या जोडीची टोकं इपॉक्सीने बंद केली तेव्हा ट्रीटमेंटवाली खूप जास्त वेळ तग धरून राहिली. म्हणून माझा सल्ला, प्लाझ्मा करा अगर नका करू, टोकं वेगळी सील करा. आणि ट्रीटमेंटनंतर फळी कापली, भोक पाडलं, स्क्रू मारला की तो सगळा भाग कोराच.

अजून एक. वाफेला हा थर फारसा अडवत नाही. दमट हवेत ठेवलेली ट्रीटमेंटवाली फळी फुगतेच, फक्त थोडी सावकाश. एका अर्थाने हे बरंच आहे, लाकूड श्वास घेत राहतं, चुकून आत गेलेलं पाणी बाहेर पडू शकतं, वॉर्निशच्या जाड थराखाली पाणी अडकून पापुद्रे उचलतात तसं होत नाही. पण दार दमट दिवसांत अडकतं म्हणून कोणी हे करायला निघालं असेल तर थांबा, दार अडकायचं थांबणार नाही.

आता घासण्याबद्दल, कारण मोठा मार्क इथेच गेला. थराची जाडी काही दहा ते काही शे नॅनोमीटर असते. वॉर्निशचा किंवा पीयूचा (पॉलियुरेथेन पॉलिशचा) थर पन्नास-शंभर मायक्रॉन, म्हणजे पन्नास हजार ते एक लाख नॅनोमीटर. आकडे शेजारी ठेवले की काय ते कळतं. लाकडाला हा थर घट्ट धरतो, प्लाझ्माने पृष्ठभागावरचे बंध तुटून नवे जुळतात त्यामुळे मेणासारखा तो नुसता वर बसलेला नसतो, मऊ कोरड्या कापडाने पुसला तर काहीच झालं नाही. पण पॉलिश पेपरचे थोडेसेच हात मारले आणि पाणी टाकलं तर त्या पट्ट्यात थेंब सरळ आत. थर सुटत नाही हो, थर ज्या तंतूवर बसलाय तो तंतूच घासून निघून जातो. टेबलटॉप, जिन्याच्या पायऱ्या, बाकाची बसायची फळी, डेक, फ्लोअरिंग, हे सगळं मी यादीतून काढून टाकलंय. फ्रेमा, कपाटाच्या आतल्या आणि मागच्या बाजू, भिंतीवरचं पॅनेल, खोक्याचं झाकण, वाद्यांचे काही भाग, असल्या ठिकाणी मात्र मजा आहे.

ऊनसुद्धा तसंच. लाकडातलं लिग्निन अतिनील किरण शोषून घेतं आणि तुटत जातं, मग वरचे तंतू सुटे होऊन पावसाने धुतले जातात आणि लाकूड राखाडी पडतं. हा पारदर्शक एवढासा थर ते किरण अडवत नाही. अंगणात ठेवलेल्या पट्टीवर आधी थेंब गोल बसायचे, मग हळूहळू ठिकठिकाणी बसेनात, आणि जिथे राखाडी झाली तिथे तर अजिबात नाही. झिंक ऑक्साइड, टायटॅनियम डायऑक्साइडचे कण अशा थरात मिसळून किरण अडवायचे प्रयोग होतात, पण माझ्या फळ्यांना ते नव्हतं आणि तिथे त्याबद्दल कोणी बोललंही नाही. बाहेर ठेवायचं लाकूड असेल तर मी हे एकट्याच्या भरवशावर सोडणार नाही, स्पष्ट सांगते.

बुरशीबद्दल विचारतील म्हणून. हा थर विषारी नाही, बुरशीला मारत नाही, फक्त पाणी कमी पोचलं तर बुरशीला जगायला अवघड जातं इतकंच. वाळवीला काहीच फरक पडत नाही. आगीलाही नाही.

चिकटवण्याचा मुद्दा वेगळा लिहिते कारण तो मला कोणी आधीच सांगितला असता तर बरं झालं असतं. पाणी झटकणारा पृष्ठभाग पांढरा ग्लूसुद्धा झटकतो, रंगही झटकतो. जोड आधी पूर्ण करून मग ट्रीटमेंट, नाहीतर जोडाची जागा टेपने झाकून पाठवा. मशीनची फट बारीक असल्याने जोडलेलं खोकं त्यात जात नाही, म्हणजे माझ्यासारख्यांना झाकूनच पाठवावं लागतं, आणि तिथे झाकायची सोय आपली आपण. ही माहिती ऑर्डर घेतानाच द्यायला हवी की नको? उरलेला मार्क-बिर्क जे काय गेलं ते याच्यात.

आता दुसऱ्या बाजूने बघू, कारण माझ्या मते त्या वर्कशॉपमधली सगळ्यात पैसा-वसूल गोष्ट ही नव्हतीच. मघाशी म्हटलं ना की नुसत्या हवेचा प्लाझ्मा लाकडाला तहानलेलं करतो, तर मशीनवरचा दादाच म्हणाला की ताई, त्यावर पाण्याचं पीयू, म्हणजे सॉल्व्हंटऐवजी पाण्यात कालवलेलं, मारून बघा. एक पाईनची आणि एक सागवानाची फळी नुसत्या हवेच्या प्लाझ्मातून काढली, आल्या आल्या पाण्याचं पीयू मारलं, शेजारी कोऱ्या फळीवरही मारलं. सागवानावर फरक डोळ्याला दिसला, कोऱ्यावर पीयू ठिकठिकाणी गोळा होत होतं, तेलकट लाकडावर होतं तसं, आणि प्लाझ्मावाल्यावर एकसारखं पसरलं. वाळल्यावर चौकटी चिरून टेप लावून ओढली, कोऱ्यावरचे तुकडे टेपबरोबर आले, दुसरीकडचे बहुतेक जागेवर. इथे द्रव लागत नाही, महागडा वायू लागत नाही, सॉल्व्हंट नाही, वाळवायचं नाही. एकच अट, हा परिणाम टिकत नाही, फळी नुसती ठेवली तर काही दिवसांत मावळायला लागतो, त्यामुळे रंगाचं सामान तयार ठेवूनच प्लाझ्मा द्यायचा. टेबलटॉपवर पाणी अडवायचं असेल तर हाच रस्ता, खाली प्लाझ्मा आणि वर घासलं तरी टिकेल असा पीयूचा जाड थर. तिथल्या माहितीपत्रकात याला जेमतेम एक ओळ आहे, आणि गोल थेंबाचा फोटो मात्र पानभर.

बाकीच्यांशी तुलना थोडक्यात. मेण स्वस्त, घरी होतं, सारखं लावावं लागतं. जवसाचं तेल छान मुरतं, पण तेलाची फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप तापून पेटतात, हे मी प्रत्येक ठिकाणी लिहिते आणि लिहीत राहीन. ॲसिटिलेशन म्हणजे लाकडाच्या हायड्रॉक्सिल गटांवरच ॲसिटिल गट बसवायचा, ते आतपर्यंत जातं, फळी कापली तरी परिणाम राहतो आणि फुगणं खरोखर कमी होतं. साधारण २०० अंशाच्या आसपास कमी ऑक्सिजनमध्ये भाजलेलं लाकूडही तसंच, रंग गडद होतो आणि थोडं ठिसूळ होतं. ज्याला बाहेर, पावसापाण्यात, वर्षानुवर्षं ठेवायचंय त्याने या दोघांकडे बघावं. प्लाझ्माची त्यांच्याशी बरोबरी लावणं चूक आहे, तो वरच्या कातडीचा खेळ आणि हे आतल्या मांसाचं काम.

एकसारखेपणाबद्दल राहिलं. गाठींवर आणि राळ भरलेल्या जागी थर नीट बसला नव्हता, पाईनच्या एका फळीवर गाठीभोवती थेंब लगेच पसरायचा. चमक बारीक बारीक ठिणग्यांच्या धाग्यांची असते, सगळीकडे एकसारखी नसते, त्यामुळे असं होऊ शकतं असं तिथे सांगितलं, आणि त्यांनी ती फळी काही न म्हणता परत फिरवून दिली, दुसऱ्यांदा बरी झाली. सर्व्हिस म्हणून हे चांगलं वाटलं. फळ्या वेळेवर मिळाल्या, कोपरे ठेचलेले नव्हते, पॅकिंगही कागदात नीट केलेलं होतं.

कोणाला करून घ्यायचंच असेल तर आपल्याच लाकडाचा, आपल्याच पॉलिश पेपरच्या नंबरने घासलेला टाकाऊ तुकडा आधी पाठवा, त्यांच्या टेबलावरचा सॅम्पल बघून ऑर्डर देऊ नका, तो बहुधा गाठ नसलेला गुळगुळीत बीच असतो. तुकडा आला की थेंब टाका, तिरका करा, साबणाचं पाणी टाका, कोपऱ्यात थोडं घासा आणि पुन्हा थेंब टाका. माझी पुढची खेप फ्रेमांच्या मागच्या बाजूंची आहे, ती सिलिकॉनवाली, आणि एक सागवानी टेबलटॉप, तो फक्त हवेच्या प्लाझ्मातून काढून लगेच पीयूला लावणार आहे. जोडाच्या जागा टेपने झाकून ठेवल्यात आधीच.